पाट ठेवला, भांडी गेली

ट्रक आमच्या वाडीत येत नाही. म्हणून आमचं घर माणसांच्या डोक्याखांद्यावरून पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरलं आणि खाली एसटीच्या थांब्याजवळ ट्रकात चढलं. पण त्यातलं एकही डोकं वाडीतलं नव्हतं. माझा घोळ तिथूनच सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

वाडीतली मंडळी सगळी आली होती. शेजारच्या रघूने चुंबळ करायला खांद्यावर पंचा आणला होता. बायकांनी पदर खोचले होते. आपल्यात कुणाचं घर शाकारायचं असो नाहीतर लग्नाची भांडी आणायची असोत, बोलवायला लागत नाही, माणूस येतो आणि उचलतो. पण सामान हलवणाऱ्या कंपनीचा मुकादम दत्ता पाखाडीत आडवा आला आणि हात जोडून बोलला, "काका, मावशी, कोण हात लावू नका बघा. काय फुटलं तर आमच्यावर येतंय. कंपनीचा रूलच हाय तसा."

पोरगा कोल्हापूरकडचा. बोलणं गोड, पण हेल आपला नव्हे.

रघू माझ्याकडे बघत बोलला, "तात्या, पैसे मोजून माणसं आणलीत? आम्ही काय मेलो होतो?"

मी बोललो, "सुरेशला विचार." सुरेश माझा मुलगा, तो मोबाइलात बघत होता. रघूने खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि घडी घालून काखेत मारला. मग सगळे पाखाडीच्या कडेला उभे राहिले, देवाची पालखी जाताना राहतात तसे. फक्त पालखीला हात लावायला मिळतो.

वाडीतल्यांना हे माहीत आहे. मुंबईला असलेल्या मंडळींसाठी पहिल्यापासून लिहितो, कारण तुम्ही प्रत्येकजण फोनवर एकच विचारता, "तात्या, कायमचे गेलात का?" फोनवर मला बोलायला सुचत नाही. लिहायलाही फारसं येतं असं नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळ्यात बंद. पण दुसऱ्याला सांगून लिहून घेणं मला जमणार नाही. चुकलं तर चुकलं.

माझा बाप मुंबईला गोदीत होता. वर्षातून दोनदा गावाला यायचा, शिमग्याला आणि गणपतीला. कुणी विचारलं की सांगायचा, "मुंबईला बिऱ्हाड हाय. घर हितं." आणि मला सांगायचा, "बाबू, बिऱ्हाड हलतं. घर हलत नाय." तुम्ही मुंबईवाले हे समजता, तुम्ही सगळे बिऱ्हाडं केलेले. मी कधी बिऱ्हाड केलं नाही. भात लावला, नाचणी लावली, काजू धरले आणि घरी राहिलो. ज्या वयात लोक बिऱ्हाड मोडून घरी येतात, त्या वयात मी घरातून निघालो. उलटंच झालं सगळं.

कारण हिची साखर. ही म्हणजे माझी बायको, तुमची काकी. पायाची जखम भरेना म्हणून दापोलीला नेली, तिथून रत्नागिरीला नेली. सुरेशचा रत्नागिरीत ब्लॉक आहे. डॉक्टर बोलला, दर पंधरवड्याला दाखवायला आणा. मी बोललो आणू, एसटी आहे. तर हीच मला बोलली, "मी काय बकरी हाय, न्यायला आणायला? मी तिकडंच राहते. तुम्ही बसा हितं. भाकरी थापता येते ना?"

मला वाटलं होतं ती रडेल. ती तर लुगड्यांची बोचकी बांधायला बसली. सगळं आयुष्य काढलं तिच्याबरोबर आणि मला माहीत नव्हतं, की तिला नळाची एवढी हौस आहे.

मी सुरेशला बोललो, टेम्पो सांग, रघू आहे, वाडी आहे, उचलू. तो बोलला, "बाबा, आता असं कोणी करत नाही. पॅकर्स बोलवायचे. ते बांधतात, नेतात, तिकडे लावून देतात. आपण नुसतं बसायचं." आता मला जन्मात कुणी नुसतं बस म्हणून सांगितलेलं नाही. आजारी असतानाही नाही.

आधी फोनवर घर दाखवलं. सुरेश मोबाइल पुढे धरून पडवीतून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात फिरला आणि आतून कुणीतरी बोलत होतं, "सर, जरा डावीकडे घ्या. वर माळ्यावर काय आहे? अजून काही आयटम?" मी त्याच्या मागून फिरत होतो. पूर्वी गावात एकदा एकाच्या घरी जप्ती आली होती, तेव्हा असंच सगळं बघितलं होतं. मी विचारलं, "याला कशाला दाखवतोस कुठं काय ते?" तर सुरेश बोलला, "गाडी किती मोठी लागेल ते बघतायत." घर बघून गाडीचा अंदाज काढतात, म्हणजे पूर्ण घर गाडीत मावतं असंच त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही.

तेव्हा मी एकच गोष्ट सांगितली. काय न्यायचं ते न्या, गणपतीचा पाट जागचा हलणार नाही.

पाट कुठला ते सांगायला नको, पण तुमच्या मुंबईत जन्मलेल्या पोरांना सांगतो. आपण बाजारातून गणपती उचलून आणत नाही. आपला पाट गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा, मूर्ती करणारा त्याच पाटावर माती चढवतो, आणि चतुर्थीला तो गणपती पाटासकट आपल्या घरी येतो. ज्या घराचा पाट, त्या घराचा गणपती. देव्हाऱ्यातले देव हिने ओटीत घेतले, त्यांना रोज पाणी लागतं, ते आमच्याजवळ हवेत. गणपतीचं तसं नाही. तो पाहुणा. तो घर ओळखून येतो. माझे पुतणे सगळे मुंबईहून येतात ते त्याच घरी. पाट गेला रत्नागिरीला, की गणपती गेला, की पुतणे गेले, की त्या घरात काय राहिलं? चार भिंती आणि उंदीर. मग ते घर नव्हे, ते बंद पडलेलं बिऱ्हाड.

सुरेश बोलला, "बघू." बघू हा शब्द मला माहीत आहे. मीही पोराला जत्रेत बघू म्हणूनच फिरवायचो.

म्हणून पॅकर्स यायच्या आधल्या दिवशी मी पाट टॉवेलात गुंडाळला आणि खालच्या वाडीत भिकूच्या शाळेत नेऊन दिला. भिकू आपले गणपती करतो. वैशाखाचं ऊन होतं. तो लुंगीला हात पुसत बाहेर आला आणि हसायलाच लागला. "तात्या, अजून माती आली नाय. पोरांच्या परीक्षांचे निकाल लागले नायत आणि तुमचा पाट आला?" मी बोललो, "असू दे. पहिला नंबर माझा लाव. आणि कोण मागायला आलं तर देऊ नकोस. सुरेश आला तरी." तो बोलला, "काकी आली तर?" मी बोललो, "तरी." घरी येताना मला इतकं हलकं वाटलं, की वाटेत बसून बिडी ओढली. सगळी लढाई जिंकलो असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चौघं आली. पुठ्ठ्याची खोकी, फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक, आणि ती खाकी चिकटपट्टी. तिचा आवाज तुम्ही ऐकलाय का? नवं कापड फाडल्यासारखा. दिवसभर घरात तोच आवाज. मी चहा ठेवायला सांगितला तर दत्ता बोलला, "नको आज्जा, आधी काम." आपल्याकडे कामाला आलेला माणूस आधी चहा घेतो, गावातलं कोण कुणाचं ते निघतं, मग कामाला हात लागतो. ही माणसं नाव गाव न विचारता थेट माजघरात शिरली. हिची पितळी कळशी एकाने मांडीवर घेतली आणि बाळंतिणीच्या पोरासारखी गुंडाळली. घडवंची उलटी करून तिचे पाय बांधले. माझी काठी मी भिंतीला टेकून ठेवली होती, ती बांधली. मला उठायचं होतं, म्हणून शोधली तर ती एका लांबड्या पुडक्यात गेलेली.

मग लोणच्याची भानगड झाली. दत्ता बोलला, पातळ पदार्थ ट्रकात चालत नाहीत. ही बरणीवर हात ठेवून उभी राहिली. "लोणचं काय पातळ हाय? तुझ्या कोल्हापूरला पातळ करत असतील. बघ, चमचा उभा राहतो." त्याने बघितलं. चमचा खरंच उभा राहिला. "मावशी, ते आपलं खरं हो, पण तेल गळतंय की." शेवटी बरणी आणि कोकमाच्या आगळाच्या बाटल्या तिने सुरेशच्या गाडीत पायाशी घेतल्या. मला मागे बसायला जागा राहिली नाही, ते वेगळं.

आता माझ्या चुकीचं सांगतो. दत्ताची कामाची रीत अशी, की प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, "आज्जा, हे न्यायचं का ठेवायचं?" कंदील. न्यायचं का ठेवायचं? पावसात डोक्यावर घ्यायची जुनी इरली. न्यायची का ठेवायची? चटई, पायली, मोडकी खुर्ची. पहिल्यांदा मी नीट विचार करून सांगत होतो. मग काय झालं, मला उत्तर येईना. कंदील नेऊन करायचं काय, तिथं वीज आहे. ठेवून करायचं काय, इथं कोण आहे? प्रत्येक वस्तूला तो एकच प्रश्न विचारत होता, पण मला वाटत होतं तो वस्तूचं विचारत नाही, माझंच विचारतोय. आत सुरेश बघतोय, बाहेर पडवीत रघू आणि चार जण बघतायत, आणि मी माझ्याच घरात एका टमरेलाचा निकाल देऊ शकत नाही. मला संताप आला. मी ओरडलो, "सगळं न्या! काय विचारू नका! काडी ठेवू नका!"

ही आतून बोलली, "अहो, जरा..." मी बोललो, "तू गप."

माझ्या डोक्यात काय, पाट भिकूकडे आहे ना, मग बाकीचं गेलं खड्ड्यात.

आणि कामाची माणसं ती. सगळं न्या बोललो, सगळं नेलं. घर झाडून नेलं, झाडूही नेला. वर सांगितलं तसं ते पाखाडीवरून उतरलं आणि वाडीने कडेला उभं राहून बघितलं. मी दाराला कुलूप लावलं तेव्हा आत हाक मारली असती तर घुमली असती. रघू गाडीपर्यंत आला नाही.

रत्नागिरीचं काय सांगू. तिसरा मजला, लिफ्ट. आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक खेडवरून हायवेने आला. ती पोरं तशीच न बोलता वर आली, खोकी फोडली, कपाट लावलं, पलंग जोडला. एका खोक्यात प्लॅस्टिकमध्ये एकेक वेगळी गुंडाळलेली काहीतरी गोल गोल वस्तू निघाली. सुनेला वाटलं पितळी वाट्या. उघडल्या तर करवंट्या. चुलीत घालायला हिने परसात साठवल्या होत्या त्या. सून हसून हसून खाली बसली. दत्ताला विचारलं तर तो गंभीरपणे बोलला, "आज्जा बोलले, काडी ठेवू नका." हीही हसली. मीच तेवढा हसलो नाही.

इथं गावासारखी बुरोंडीची मासेवाली दारात येत नाही, बंदरावर जाऊन आणावे लागतात. शेजारचा माणूस दिसतो, चप्पल ओळखीची झाली आहे, नाव माहीत नाही. पण खोटं कशाला लिहू. हिची जखम भरली. नळाखाली भांडं धरून ती उगाच उभी राहते. माझा पलंग माझाच आहे, उशाशी माझीच पेटी आहे, आणि मला झोप लागते. घर सोडलेल्या माणसाला झोप लागू नये असं मला वाटायचं. मला लागते. हे कसं, याचा मी बसून पुष्कळदा विचार केला.

श्रावण लागला तसा सुरेश बोलला, "बाबा, यंदा गणपती इथंच बसवू. सगळं सामान इथं आहे." मी बोललो, पाट भिकूकडे आहे, मूर्ती त्यावर उभी राहिली पण असेल. मग दोन दिवसांनी परत तेच. मग सून. मग फोनवरून पुतणे, "काका, नक्की कुठं यायचं?" मी प्रत्येकाला एकच सांगितलं, घरी यायचं. गणपतीचं घर बदलत नाही. असा हट्ट धरला की शेवटी सुरेश बोलला, "ठीक आहे, तुम्ही जा. मी सुट्टी मिळाली की दुसऱ्या दिवशी येतो."

मी आणि ही एसटीने गेलो, एक पिशवी घेऊन. चतुर्थीच्या आदल्या दुपारी कुलूप काढलं. आत गेलो. हिने पिशवी खाली ठेवली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"अहो," ती बोलली, "समई कुठं हाय?"

समई रत्नागिरीला. टोप रत्नागिरीला. परात, मोदकाचं भांडं, गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटवीची चौकट, अंथरुणं, पाण्याचा हंडा, विळी. सगळं नीट बांधून, एक टवका न उडता, रत्नागिरीला. उद्या सकाळी खेडला गाडीतून पुतण्यांची बायकापोरं उतरणार, देव येणार, आणि घरात प्यायला तांब्या नाही.

ही माझ्यावर कधी ओरडत नाही. त्या दिवशी ओरडली. "पाट लपवायला आठवला! चोरासारखा टॉवेलात नेला, मला काय माहीत नाय? आणि समई आठवली नाय? देव काय नुसत्या लाकडावर बसून राहतो? करा सुरेशला फोन."

मी बोललो, "नाय करणार." सुरेशला फोन करायचा म्हणजे सांगायचं, बाबा हरला, सामान तिकडं आहे. मी पडवीत बसलो. चटईही नव्हती, जमिनीवर बसलो. तेव्हा मला खरंच समजेना, की मी राखलं काय. भिंती राखल्या? पाट राखला? ज्यासाठी एवढं भांडलो ते घर मीच ओरडून ओरडून ट्रकात भरलं होतं. आणि ते तिकडे तिसऱ्या मजल्यावर छान लागलेलं होतं.

ही उठून गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली. आली ती रघूला घेऊन. त्याच्या डोक्यावर त्याचा मोठा टोप, आणि त्याखाली तोच पंचा. दारात उभा राहिला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा बोलला, "तात्या! कंपनीचा रूल काय बोलतो? हात लावू ना?"

मी बोललो, "लाव मेल्या."

मग कुणी समई आणली, कुणी परात. माटवी भिकूच्या भावाने चार काठ्यांची करून दिली. रघूच्या बायकोने अंथरुणं आणली आणि झाडूही आणला. तो झाडू हातात देताना ती हसली, ते मी बघितलं. दिवेलागणीपर्यंत घर भरलं. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं होतं, कुणाच्या आजीचं, कुणाच्या लग्नातलं. माझ्या घरात त्या गणपतीत माझ्या नावाचं एक भांडं नव्हतं. सकाळी भिकूकडून गणपती आला, आपल्या पाटावर, आणि दुसऱ्याच्या समईपुढे बसला. त्याला काही फरक पडल्यासारखं दिसलं नाही. पुतण्यांच्या पोरांनाही नाही. सुरेश दुसऱ्या दिवशी आला, सगळीकडे बघितलं. रघूच्या ताटात जेवला.

विसर्जनाला नदीवर गेलो. रीतीप्रमाणे पाटावर थोडी वाळू घेऊन परत आलो, आरती झाली. मग ज्याचं त्याने भांडं उचललं. घासून, पुसून, हसत. बघता बघता घर परत मोकळं. ही कंबरेवर हात ठेवून बोलली, "पुढल्या वर्षी त्या दत्तालाच बोलवा. भांडी हिकडं, मग तिकडं. काय सुरेख बांधतो पोरगा." ती थट्टा करत होती की खरंच बोलत होती, मला समजलं नाही.

राहिला पाट. सुरेश बोलला, "गाडीत टाकू?" रागाने नाही, साधं विचारलं. मी पाट हातात घेऊन उभा राहिलो. बंद घरात ठेवावा तर वाळवी. रत्नागिरीला न्यावा तर मी एवढं केलं ते कशाला? घर राखायला पाट ठेवला होता, आता पाट राखायला घर पुरेना. रघू शेवटचा टोप घेऊन चालला होता. मी त्याला हाक मारली आणि पाट त्याच्या टोपात ठेवला.

तो बोलला, "माझ्याकडं? आणि भिकूकडं वेळेवर नेऊन कोण देणार?"

मी बोललो, "तू."

"म्हणजे तुम्ही येणार ना पण?"

"पाट तुझ्याकडं हाय रे. येणार नाय तर जाणार कुठं?"

तर मंडळी, कायमचे गेलात का, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच आहे. रत्नागिरीत माझं सगळं सामान आहे, करवंट्यांसकट. तिथं मी झोपतो, जेवतो, हिच्या गोळ्या आणतो. गावात माझं काय आहे? एक कुलूप, आणि एक पाट, तोही दुसऱ्याच्या घरात. आणि तरी परवा डॉक्टरकडे नाव-पत्ता लिहून घेणाऱ्या बाईने विचारलं, आजोबा, घर कुठे तुमचं, तर तोंडातून गावाचंच नाव आलं. ही बाजूला बसली होती. तिने बाईला रत्नागिरीचा पत्ता सांगितला. दोघंही खोटं बोललो नाही. बापाला विचारलं असतं, पण बापाने पॅकर्स बघितले नव्हते. तुमच्यापैकी कुणाला हे समजलं असेल, तर गणपतीत याल तेव्हा सांगा. पाट रघूच्या घरून आधी भिकूकडे जाईल, आणि मग गणपती घेऊन घरी.